भाड्याबाहेरचं भाडं

११ मार्च १९७२ रोजी कार्निव्हल कंपनीचं पहिलं जहाज, 'मार्डी ग्रा', आपल्या पहिल्याच सफरीवर मायामीहून निघालं आणि बंदराबाहेर पडता पडता वाळूत रुतून बसलं. टेड अ‍ॅरिसन यांनी एक जुनं कॅनेडियन प्रवासी जहाज घेऊन ही कंपनी उभी केली होती. त्या दिवशी जहाजावर सुमारे तीनशे ट्रॅव्हल एजंट पाहुणे म्हणून होते. जहाज किनाऱ्यावरून दिसेल अशा अंतरावर अडकलेलं आणि वर बार मात्र जोरात चालू. 'मार्डी ग्रा ऑन द रॉक्स' नावाच्या पेयाचा विनोद तेव्हापासून या धंद्यात फिरतो आहे. कंपनी त्यातून तरली आणि पुढे जगातली सगळ्यात मोठी क्रूझ कंपनी झाली.

पाहुण्यांच्या यादीत एवढे एजंट का होते, हे समजलं की या धंद्याचं निम्मं गणित समजतं. क्रूझ घेणारं गिऱ्हाईक बंदरावर येऊन जहाज बघून पैसे देत नसे. ते आपल्या गावातल्या एजंटाच्या टेबलासमोर बसून, एक रंगीत पुस्तिका चाळून पैसे देई. टेबलापलीकडच्या माणसानं कुठली पुस्तिका पुढे सरकवली, यावर जहाज भरायचं की रिकामं जायचं ते ठरे. कार्निव्हलचे विक्रीप्रमुख बॉब डिकिन्सन यांनी तर यासाठी एक नामी युक्ती काढली होती. कंपनीची माणसं साधी गिऱ्हाइकं बनून एजंटांकडे जात आणि सुट्टीला कुठे जावं म्हणून सल्ला विचारत. एजंटानं क्रूझ सुचवली तर तिथल्या तिथे दहा डॉलर हातावर, आणि पहिल्याच झटक्यात कार्निव्हलचं नाव घेतलं तर हजार डॉलर. पुढच्या वेळी समोर बसलेलं जोडपं खरं की कंपनीचं, हे कुणालाच कळत नसल्यामुळे सगळेच एजंट सगळ्यांनाच क्रूझ सुचवू लागले असणार, यात नवल नाही.

विमान कंपन्यांनी याच एजंटांना पुढे कसं वागवलं, ते शेजारी ठेवून पाहायला हवं. फेब्रुवारी १९९५ मध्ये डेल्टानं अमेरिकेतल्या देशांतर्गत परतीच्या तिकिटावर कमिशनला ५० डॉलरची मर्यादा घातली. तोवर सरसकट दहा टक्के मिळत होते. इतर कंपन्या पाठोपाठ आल्या. १९९७ मध्ये दहाचे आठ टक्के झाले, १९९९ मध्ये पाच, आणि मार्च २००२ मध्ये डेल्टानं मूळ कमिशन शून्यावर आणलं. भारतात हीच वेळ १ नोव्हेंबर २००८ रोजी आली. एअर इंडिया, जेट आणि किंगफिशर यांनी पाच टक्के बंद केले. एजंटांच्या संघटनांनी बहिष्काराचं हत्यार उपसलं, बैठका झाल्या, कोर्टकचेऱ्या झाल्या. तिकिटावर जगणारी कितीतरी छोटी दुकानं त्या काही वर्षांत व्हिसा, विमा, हॉटेल, रेल्वे असं जमेल ते विकू लागली किंवा बंद झाली.

क्रूझ कंपन्यांनी तसं केलं नाही. आजही अमेरिकेत मूळ कमिशन साधारण दहा टक्के असतं, आणि भरपूर धंदा देणाऱ्या एजन्सीला ते पंधरा-सोळा टक्क्यांपर्यंत चढतं. हा काही कंपन्यांचा दिलदारपणा नव्हे. विमानाचं तिकीट ही माहीत असलेली वस्तू आहे. मुंबई-दिल्ली म्हणजे काय, हे कुणी समजावून सांगावं लागत नाही. क्रूझमध्ये आतली केबिन की बाल्कनी, कुठला मजला, जेवणाची वेळ कुठली, पेयांचं पॅकेज घ्यायचं का, बंदरावर उतरायला व्हिसा लागतो का, समुद्र लागला तर काय, असे पन्नास प्रश्न पहिल्यांदा जाणाऱ्याला पडतात. ते सोडवायला कंपनीला स्वतःची माणसं ठेवायची तर पगार द्यावा लागेल, विक्री होवो न होवो. एजंटाला विक्री झाली तरच द्यायचं. क्रूझ कंपन्यांच्या जागतिक संघटनेच्या पाहणीत ७३ टक्के प्रवाशांनी आपल्या निर्णयावर एजंटाचा बऱ्यापैकी प्रभाव असल्याचं सांगितलं. संघटना कंपन्यांचीच, पाहणीही तिचीच, तेव्हा आकडा थोडा हात राखून घ्यावा. पण दिशा खरी आहे.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. जहाज भरलंच पाहिजे. एका केबिनमागे दोन माणसं धरून शंभर टक्के मोजायची या धंद्याची रीत आहे, त्यामुळे तिसरं-चौथं माणूस धरून आकडा शंभरच्या वर जातो. रॉयल कॅरिबियनची २०२३ ची भरती १०५ टक्क्यांच्या वर होती. रिकामी केबिन म्हणजे नुसतं बुडालेलं भाडं नव्हे. त्या केबिनमधली माणसं जहाजावर जे खर्च करणार होती, तेही बुडतं. कार्निव्हल समूहाचं २०२४ चं उत्पन्न सुमारे २५ अब्ज डॉलर होतं, आणि त्यातले साडेसोळा अब्ज तिकिटांचे. उरलेले साडेआठ अब्ज दारू, कसिनो, सहली, फोटो, स्पा, वायफाय असल्या गोष्टींचे. म्हणजे एक तृतीयांश. आता तर उतरायचा किनाराही कंपनीचाच असतो. रॉयल कॅरिबियननं बहामातलं आपलं कोकोके बेट २०१९ मध्ये नव्यानं सजवलं आणि कार्निव्हलनं जुलै २०२५ मध्ये ग्रँड बहामावर 'सेलिब्रेशन की' उघडलं. माणूस जहाजातून उतरला तरी पाकीट कंपनीच्याच आवारात उघडतो.

एजंटाला कमिशन मिळतं भाड्यावर. ते गिऱ्हाईक जहाजावर चढल्यावर जो खर्च करतं, त्यावर त्याला सहसा काही नाही. काही कंपन्या निघण्याआधी घेतलेल्या पॅकेजवर देतात, तेवढंच. तेव्हा कंपनीला एजंटाचा वाटा कमी करायचा असेल, तर टक्केवारीला हात लावण्याची गरजच नाही. भाड्यात काय मोजायचं, तेवढं बदललं की पुरे. गेल्या तीस वर्षांत या धंद्यात झालं ते हेच, असं मला वाटतं. आणि एजंटाच्या कमिशनला कात्री लावण्यासाठी आखलेली ती रेघ प्रवाशाच्या खिशातूनही गेली, हे बहुतेक प्रवाशांच्या ध्यानात आलेलं नाही.

या गोष्टीची सुरुवात नव्वदच्या दशकातल्या बंदरशुल्कापासून होते. तेव्हाच्या जाहिरातीत सफरीचं भाडं मोठ्या अक्षरात असे आणि खाली बारीक अक्षरात 'बंदरशुल्क वेगळं'. वाचणाऱ्याला वाटे, हे बंदराला जाणारे पैसे, सरकारी मामला, कंपनी तरी काय करणार. प्रत्यक्षात बंदरांना भरावी लागणारी रक्कम आणि प्रवाशाकडून घेतलेली रक्कम यांत बरंच अंतर होतं आणि मधला फरक कंपनीकडे राहत होता. फ्लोरिडा राज्याचे महाधिवक्ता बॉब बटरवर्थ यांनी चौकशी लावली. १९९७ मध्ये सहा क्रूझ कंपन्यांनी समझोता केला: सरकारी कर सोडून बाकी सगळं जाहिरातीतल्या किमतीत धरायचं. प्रवाशांनी वेगळे सामूहिक दावे लावले होतेच. कोस्टा कंपनीविरुद्धच्या एका दाव्यात फ्लोरिडाच्या अपील न्यायालयानं २००० मध्ये स्पष्ट म्हटलं की 'बंदरशुल्क' असं नाव देऊन पैसे घ्यायचे आणि त्यातला उरलेला भाग स्वतःकडे ठेवायचा, ही ग्राहकाची दिशाभूल आहे.

एजंटही कोर्टात गेले होते. त्यांचं म्हणणं सरळ होतं. जी रक्कम बंदराला गेलीच नाही, ती भाडंच आहे, मग तिच्यावर आमचं कमिशन कुठे आहे? प्रवासी आणि एजंट, दोघांची तक्रार एकाच रकमेबद्दल होती. पुढे दोघांच्या वाटा मात्र फुटल्या. प्रवाशासाठीच्या जाहिरातीत ती रक्कम भाड्यात मिसळली गेली. एजंटाच्या हिशेबात ती वेगळीच राहिली, फक्त नाव बदललं. आज एजंटाच्या पावतीवर तिला 'एनसीएफ' म्हणतात, म्हणजे भाड्याचा असा भाग ज्यावर कमिशन नाही. तो कर नाही आणि बंदराची पावतीही नाही. तो कंपनीच्याच गल्ल्यात जाणारा पैसा आहे, फक्त एजंटानं त्यावर हक्क सांगायचा नाही.

एक बिल उघडून पाहू. आकडे नमुन्याचे आहेत, पण कॅरिबियन समुद्रातल्या सात रात्रींच्या साध्या सफरीला शोभतील असे. नवरा-बायको, बाल्कनीची केबिन, एकूण २,४०० डॉलर. त्यातले कर आणि सरकारी शुल्क ३०० गेले. राहिले २,१००. त्यातले ४०० एनसीएफ. कमिशनला पात्र उरले १,७००. एजन्सीला बारा टक्के मिळतात असं धरलं तर २०४ डॉलर. कागदावर बारा टक्के, पण गिऱ्हाइकानं मोजलेल्या पैशांच्या मानानं साडेआठ. आता अमेरिकेतले बरेच एजंट घरूनच काम करतात आणि एखाद्या मोठ्या एजन्सीच्या छत्राखाली असतात. ती एजन्सी आपला वाटा घेते. सत्तर-तीसची वाटणी धरली, तर प्रत्यक्ष फोनवर बसलेल्या माणसाच्या हाती १४३ डॉलर पडतात. तेही लगेच नाही. बहुधा पूर्ण पैसे भरल्यावर किंवा जहाज सुटण्याच्या सुमारास, आणि गिऱ्हाइकानं मध्येच रद्द केलं तर सगळी मेहनत पाण्यात.

याच जोडप्याच्या जहाजावरच्या खात्यात टिपेचे माणशी रोजचे १८ डॉलर आपोआप लागतात. सात दिवसांचे दोघांचे झाले २५२. म्हणजे एजन्सीच्या अख्ख्या कमिशनपेक्षा जास्त. ही टिप म्हणजे दानधर्म नव्हे. मोठ्या अमेरिकी जहाजांवर केबिन आवरणाऱ्या आणि वाढणाऱ्या माणसांच्या कमाईचा तो मुख्य भाग असतो, आणि ती माणसं कोण, हे गोव्यातल्या कुठल्याही गावात विचारावं. सासष्टी-बार्देशातल्या कितीतरी घरांवरची छपरं जहाजावरच्या पगारातून आणि टिपेतून उभी राहिली आहेत. ब्रिटनच्या पी अँड ओ क्रूझेसनं मे २०१९ पासून वेगळी टिप बंद करून ती रक्कम भाड्यातच धरली. तिथे भाडं जास्त दिसतं, शेवटच्या दिवशी हिशेब कमी बोचतो. अमेरिकी कंपन्यांनी तो मार्ग सरसकट धरलेला नाही, कारण वेबसाइटवर भाडी चढत्या क्रमानं लावली जातात तेव्हा प्रामाणिक किंमत खाली जाऊन बसते.

आपल्याकडच्या कुटुंबांचा प्रश्न थोडा वेगळा. एकाच केबिनमध्ये आई-वडील आणि दोन मुलं, तिसऱ्या-चौथ्याला स्वस्त किंवा 'मुलं फुकट' अशी योजना. गिऱ्हाईक खूश. पण मुलांचे कर आणि शुल्क भरावे लागतातच, आणि ज्यावर कमिशन मोजायचं ते भाडंच त्यांच्या नावावर उरत नाही. चार पासपोर्ट, चार व्हिसा, एकाला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी, आजी जैन जेवण मागणारी, ही सगळी उस्तवार एजंटानं करायची आणि कमिशन दोघांचं. तीन रात्रींच्या स्वस्त सफरींत तर एनसीएफ वजा करून जे उरतं, त्यावरचे दहा टक्के म्हणजे चार फोनचा वेळही भरून निघत नाही. अशा सफरी एजंट मनापासून विकत नाहीत, हे त्यांच्या आवाजावरून कळतं.

मग एजंट कशावर जगतो? मोठी एजन्सी जगते ती वरच्या पायरीवर चढून. वर्षभरात एका कंपनीला अमुक इतका धंदा दिला की टक्केवारी वाढते, शिवाय जाहिरातीसाठी पैसे मिळतात, शिवाय ग्रुपच्या जागा आधीच हातात येतात. साधारण सोळा माणसं, म्हणजे आठ केबिन भरल्या की एक जागा मोफत, अशी रीत आहे. आपल्याकडच्या सहल कंपन्यांच्या टूर मॅनेजरचा प्रवास पुष्कळदा असल्याच जागेवर होतो. हे सगळं योग्यच आहे, पण याला दुसरी बाजू आहे. पंधरा टक्के देणारी कंपनी आणि दहा टक्के देणारी कंपनी समोर असताना एजंट 'तुमच्यासाठी हीच बरी' म्हणतो, तेव्हा ते कुणासाठी बरं, हे गिऱ्हाइकाला कळायची सोय नाही. म्युच्युअल फंडात वितरकाला आपल्या गुंतवणुकीवर किती कमिशन गेलं, ते आता खातेपत्रकात छापून येतं. क्रूझच्या पावतीवर तसा रकाना यायला काय हरकत आहे, हे मला कळत नाही. आला तर एजंटाचंच भलं होईल. दोघांच्या सफरीमागे त्याला किती थोडं मिळतं, हे एकदा गिऱ्हाइकाला दिसेल.

म्युच्युअल फंडाचं नाव निघालंच आहे, तर ग्राहकाच्या डोक्यात बसलेला एक गैरसमजही तिथूनच येतो. १ जानेवारी २०१३ पासून सेबीनं फंडांना 'डायरेक्ट' योजना काढायला लावल्या. मध्ये एजंट नाही, म्हणून खर्च कमी, म्हणून परतावा जास्त. हे आपल्याला इतकं अंगवळणी पडलं आहे की क्रूझही थेट कंपनीच्या वेबसाइटवरून घेतली की स्वस्त पडेल, असं सहज वाटतं. तसं नसतं. किंमत दोन्हीकडे सहसा एकच असते. थेट घेतलंत तर एजंटाचा वाटा तुमच्या खिशात येत नाही, कंपनी तो ठेवून घेते. मुद्दाम असं केलेलं आहे. आपल्याच दुकानदाराला आपण भावात पाडायचं नाही, हा एजंटांना दिलेला अलिखित शब्द आहे. अनेक कंपन्यांत थेट केलेलं बुकिंग ठरावीक दिवसांत एजंटाकडे वळवताही येतं. किंमत तीच राहते, फक्त रात्री अकरा वाजता फोन उचलणारं माणूस मिळतं.

किंमत एकच असेल, तर एजंटांनी एकमेकांशी स्पर्धा करायची कशी? स्वतःच्या कमिशनमधून. विमा एजंटानं पहिल्या हप्त्यातला आपला वाटा गिऱ्हाइकाला परत द्यायचा, हा प्रकार आपल्याकडे १९३८ च्या विमा कायद्याच्या ४१ व्या कलमानं निषिद्ध असूनही घरोघर माहीत आहे. अमेरिकेतल्या क्रूझ धंद्यात तेच झालं. इंटरनेटवरच्या मोठ्या एजन्सी कमिशनमधला भाग कापून कमी किंमत छापू लागल्या आणि गावातली छोटी दुकानं कोंडीत सापडली. २००४ च्या सुमारास कार्निव्हल आणि रॉयल कॅरिबियन या दोघांनीही अशा कापलेल्या किमती जाहीर करायला बंदी घातली. सवलत गेली नाही, रूप बदललं. जहाजावर खर्चायला शंभर डॉलर, एक बाटली वाइन, टिप आमच्याकडून. कॉस्टको ही घाऊक दुकानांची साखळी तर आपल्या सभासदांना क्रूझवर दुकानाचं कार्ड देते. भाव तोच, पण घरी आल्यावर किराणा येतो.

ब्रिटनमध्ये याच रोगावर कठोर औषध दिलं गेलं. पी अँड ओ आणि कुनार्ड चालवणाऱ्या कार्निव्हल यूकेचं म्हणणं असं की एजंट आमचंच कमिशन गिऱ्हाइकाला वाटून आमच्याच मालाचा भाव पाडतात, तेव्हा वाटायला हाताशी ठेवायचंच कशाला. २०१२ च्या सुरुवातीला पंधराचे दहा टक्के केले, २०१३ च्या सुरुवातीला दहाचे पाच. एजंट भडकले. दुसऱ्या कंपन्यांच्या पुस्तिका टेबलावर पुढे आल्या. पण पी अँड ओ बुडाली नाही. तिचा प्रवासी वर्षानुवर्षं तिच्याच जहाजांवर जाणारा, साउदॅम्प्टनला गाडी लावून चढणारा. त्याला समजावून सांगायला कुणी लागत नव्हतं. कमिशन कापणं त्याच कंपनीला परवडतं जिच्याकडे सवयीचं गिऱ्हाईक आहे.

याची उलटी बाजू रेनेसान्स क्रूझेसनं पाहिली. नव्वदच्या दशकाच्या शेवटी या कंपनीनं एकसारखी आठ नवी जहाजं बांधायला काढली आणि त्याच काळात एजंटांचा वाटा कापून गिऱ्हाईक थेट गाठायचं ठरवलं. एजंटांनी तिचं नाव घेणं सोडलं. कंपनीला पाऊल मागे घ्यावं लागलं, पण गेलेला विश्वास मागे आला नाही. अंगावर नव्या जहाजांचं कर्ज होतंच. ११ सप्टेंबर २००१ नंतर बुकिंग कोसळलं आणि त्याच महिन्याच्या २५ तारखेला कंपनी बंद पडली. एजंटांनीच तिला बुडवलं, हे एजंटांचं आवडतं पुराण आहे, आणि ते अर्धंच खरं आहे. जहाजं मात्र चांगली होती. ती आजही निरनिराळ्या नावांनी फिरतात, आणि ओशियानिया ही कंपनी तर त्यांतल्याच जहाजांवर उभी राहिली.

कोरोनानं नात्याचा खरा रंग दाखवला. मार्च २०२० मध्ये जहाजं थांबली. एजंटांनी विकलेल्या सफरी कंपन्यांनीच रद्द केल्या, परताव्यासाठी महिनोन्‌महिने एजंटच फोनवर होते, आणि नियमाप्रमाणे त्यांना यासाठी एक पैसा मिळायला नको होता. मोठ्या कंपन्यांनी पूर्ण पैसे भरून झालेल्या रद्द सफरींवरचं कमिशन राखलं. इथे माणुसकी किती आणि हिशेब किती, हे सांगता येणार नाही, पण उद्या जहाज पुन्हा भरायचं तर ते कुणी भरायचं, हे त्यांना ठाऊक होतं. पैसे कुणाकडे अडकलेत हा प्रश्न मात्र तेव्हाच लोकांना कळला. जानेवारी २०२२ मध्ये गेंटिंग हाँगकाँग कोलमडली आणि तिच्या मालकीच्या क्रिस्टल क्रूझेसचं एक जहाज इंधनाच्या थकलेल्या बिलापायी जप्ती टाळायला मायामीऐवजी बहामाकडे वळलं. अशा वेळी वेबसाइट स्वस्त होती की एजंट, हा मुद्दा उरत नाही. क्रेडिट कार्डानं भरले होते की रोख, एवढंच उरतं.

भारतात साखळी आणखी लांब आहे. परदेशी कंपनीचा इथे एक प्रतिनिधी असतो. रॉयल कॅरिबियनचं काम दीर्घकाळ टिरुन या कंपनीकडे राहिलं. त्याच्याखाली मोठे विक्रेते, त्यांच्याखाली तुमच्या कॉलनीतला एजंट. प्रत्येकाच्या वाट्याला दोन-चार टक्के. त्यामुळे इथे पुष्कळदा कमिशनऐवजी 'नेट रेट' घेऊन वर स्वतःचं मार्जिन लावतात, आणि ते मार्जिन नेहमी भाड्यात दिसतंच असं नाही. ते 'आरओई' मध्ये असतं, म्हणजे डॉलर कुठल्या दरानं धरला त्यात. बाजारात ९० चा भाव असताना साडेएक्याण्णवनं हिशेब केला, की ३,००० डॉलरच्या सफरीवर साडेचार हजार रुपये सुटले. वाचून राग येईल, पण थेट वेबसाइटवर आपलं कार्ड वापरलं तर बँक परकीय चलनाचं शुल्क लावते. साडेतीन टक्के धरले तर पावणेतीन लाखांच्या आसपासच्या बिलावर साडेनऊ हजार, वर त्या शुल्कावर जीएसटी. आधी हे दोन आकडे शेजारी लिहावेत आणि मग एजंटाला नावं ठेवावीत.

त्यात टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच घेतला जाणारा आयकर. १ ऑक्टोबर २०२० पासून परदेशी सहलीच्या पॅकेजवर भारतातल्या विक्रेत्याला तो गोळा करावा लागतो. ऑक्टोबर २०२३ पासून सात लाखांपुढे तो वीस टक्के झाला होता. दर आणि मर्यादा नंतर बदलत गेल्या. हा खर्च नव्हे, विवरणपत्र भरताना तो वळता होतो. पण बुकिंगच्या दिवशी खिशातून जातोच, आणि निवृत्त माणसाला परतावा मिळेपर्यंतचे महिने मोजावे लागतात. 'तुमच्याकडे एवढे जास्त का?' हा प्रश्न एजंटाला इतक्या वेळा येतो की त्याचं अर्धं आयुष्य आयकर खात्याची बाजू मांडण्यात जातं.

मुंबईहूनच सुटणाऱ्या जहाजांनी हा धंदा जवळ आणला. 'आंग्रिया' ऑक्टोबर २०१८ मध्ये मुंबई-गोवा सुरू झाली, 'जलेश'चं 'कर्णिका' २०१९ मध्ये आलं आणि कोरोनात संपलं, २०२१ च्या सप्टेंबरात कॉर्डेलियानं 'एम्प्रेस' आणलं. तीस सप्टेंबर २०२४ रोजी केंद्रानं 'क्रूझ भारत मिशन' जाहीर करून २०२९ पर्यंत प्रवासी दुप्पट करायचं उद्दिष्ट ठेवलं. गर्दी वाढेल तशी जाहिरातही वाढेल, आणि तिथे आपला कायदा बरा सज्ज आहे. ग्राहक संरक्षणाच्या ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत, आधी कमी किंमत दाखवून पैसे भरताना थेंबाथेंबानं वाढवत नेण्याला 'डार्क पॅटर्न' ठरवलं आहे. डबल शेअरिंगचा माणशी दर मोठ्या अक्षरात आणि बाकी सगळं शेवटच्या पानावर, ही रीत त्या व्याख्येच्या फार दूर नाही. अजून कुणी तिथवर बोट नेलेलं नाही, एवढंच.

अमेरिकेत हे काम कॅलिफोर्नियानं केलं. १ जुलै २०२४ पासून तिथे सगळे अनिवार्य आकार धरूनच किंमत जाहीर करावी लागते. एका राज्यापुरती वेगळी वेबसाइट ठेवण्यापेक्षा मोठ्या क्रूझ कंपन्यांनी कर आणि शुल्कासहित किंमत सगळ्या अमेरिकेलाच दाखवायला सुरुवात केली. टिप मात्र अजून बाहेर आहे, कारण ती कागदोपत्री ऐच्छिक ठरते. प्रवाशाला आता सुरुवातीलाच एक आकडा दिसतो, २,४००. एजंटाच्या पडद्यावर तोच आकडा अजून तीन तुकड्यांत येतो, आणि मधल्या तुकड्यापुढे कमिशनच्या रकान्यात शून्य असतं. काही कंपन्यांनी तो मधला तुकडा काढून टाकल्याचं अभिमानानं जाहीर केलं आहे. एजंट त्यांचं कौतुक करतात आणि मग भाडं तेवढंच राहिलं का, ते जाऊन तपासतात.